व्हरांड्यातली खुर्ची

हॉटेलात राहणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी, अशी ठाम समजूत असलेल्या घरात मी वाढलो. गंमत अशी, की आमचे घर चालत होते ते हॉटेलवरच! वडील माथेरानच्या एका जुन्या हॉटेलात हिशेबनीस होते.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या मनात हा डोंगर भरला आणि मागोमाग इथे साहेबांचे बंगले उठले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी सुरू झाली, तशी मुंबईची कुटुंबे उन्हाळ्यात वर येऊ लागली. आमचे हॉटेल म्हणजे मुळात असाच एक बंगला. जांभ्या दगडाचे जोते, डोक्यावर मंगलोरी कौले आणि तिन्ही बाजूंनी खोल व्हरांडा. पावसाचा मारा भिंतींना लागू नये म्हणून छप्पर पुढे ओढलेले, नव्या सुनेच्या पदरासारखे.

पाहुण्यांना या वास्तूचे तोंड ठाऊक. मला तिची पाठ. धुराचा त्रास आणि आगीची भीती नको म्हणून स्वयंपाकघर मागे, वेगळे. तिथून जेवणघरापर्यंत पत्र्याखालची अरुंद वाट. प्रत्येक न्हाणीघराला मागून एक दार. पाणी भरणारा आणि सफाई करणारा गडी तिथूनच ये-जा करी, म्हणजे पाहुण्यांच्या नजरेस पडायला नको. कोणी कुठून चालायचे, हे माणसांनी सांगण्याआधी भिंतीच सांगत असत.

मी आठ वर्षांचा होतो. एका दुपारी सारे निजलेले पाहून मी हळूच पुढच्या व्हरांड्यात गेलो आणि लांब हातांच्या आरामखुर्चीत पाय पसरून बसलो. काय तो थाट! बराच वेळाने फाटकाशी घोड्यांच्या टापा वाजल्या आणि दुसऱ्याच क्षणी वडील समोर उभे.

"ऊठ. ही आपली जागा नव्हे."

दंडाला धरून त्यांनी मला मागच्या वाटेवर नेऊन सोडले. वडील साहेबलोकांना भितात, हा सल तेव्हा मनात रुतला तो कायमचा. ते गेले, तरी गेला नाही.

परवाच्या उन्हाळ्यात मुलाच्या आग्रहावरून आम्ही दोघे त्याच हॉटेलात उतरलो. मोटार अजून दस्तुरीच्या पुढे येत नाही, त्यामुळे घोड्याच्या लिदीचा तो ओळखीचा वासही भेटला. न्हाणीघरात आता गीझर आहे. मागचे दार विटांनी बुजवले आहे.

"अहो, चहा व्हरांड्यातच घेऊ या ना!" सौभाग्यवती म्हणाली.

बसलो. जागा तीच. सहज मान वळवली, तर दहा पावलांवर वडिलांच्या खोलीची खिडकी! खिडकीला लागूनच त्यांचे मेज असे. म्हणजे मी बसलो तेव्हापासून त्यांना दिसत होतो. तेवढा सारा वेळ ते काही बोलले नव्हते. पाहुण्यांचे घोडे फाटकाशी आले, तेव्हा कुठे ते उठले होते.

"अहो, चहा निवतोय."

मी कप उचलला. खुर्चीतून मात्र दिवेलागणीपर्यंत उठलो नाही.