आंबोलीचा खापरखवल्या

पावसाळ्यात सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीला गेलात, तर धबधब्याकडे धावण्याआधी जरा पायाखाली बघा! तिथल्या भिजलेल्या तांबड्या मातीत राहतो खापरखवल्या. जेमतेम वीत-दीड वीत लांबीचा, गुळगुळीत साप. डोकं टोकदार, डोळे टाचणीच्या माथ्याएवढे. आणि शेपूट? तिरकी कापल्यासारखी, वर खरखरीत ढाल! तिला माती चिकटते. स्वारी बिळात शिरली, की मागे मातीचं बूच. शत्रूनं खुशाल शोधत बसावं!

गांडुळं हे याचं जेवण. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते. भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका सोडलं, तर हे कुळ जगात कुठेच नाही, बरं का!

विष नाही, चावणं नाही. तरी त्या शेपटीला दुसरं तोंड समजून लोक त्याला मारतात. उरलेले गाड्यांखाली जातात. पावसानं बिळं भरली, की ते वर येतात आणि मातीत सरसर घुसणारा हा पठ्ठ्या डांबरावर अगदीच मंद चालतो. हात मात्र लावू नका. तिथे विषारी चापडाही असतो. गाडी चालवणाऱ्या काकांना एवढंच सांगा, ‘थांबा जरा, तो पलीकडे पोचतोय.’