मापाची सायकल

आमच्या धाकट्याला बीएमएक्स सायकल हवी होती. २०२५ च्या रमजान ईदला ईदीचे पैसे मोजून झाल्यावर त्याने ही मागणी घरात मांडली. मोबाइलवर एखादा परदेशी पोरगा सायकलसकट हवेत उडतो आणि लोखंडी कठड्यावरून घसरत खाली येतो, तसली सायकल. धाकटा दहा वर्षांचा, पाचवीत. लोह्यात असला कठडा कुठे आहे, हे आम्ही त्याला विचारले नाही. आमच्या घरात सायकलचा विषय निघाला की आधी अब्बांकडे पाहायचे, अशी रीत आहे. अब्बा ओट्यावर बसून शीरखुर्मा पीत होते. ते काही बोलले नाहीत.

अब्बा सायकल मिस्त्री. लोह्याच्या बसस्थानकाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे दुकान होते. अकरा भाड्याच्या सायकली, हवेचा पंप, पंक्चर पाहायला पाण्याचे घमेले आणि छर्ऱ्यांनी भरलेला डालड्याचा डबा. प्रत्येक सायकलच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. आमच्या लहानपणी भाडे तासाला एक रुपया होते, पुढे दोन झाले. माळेगावच्या यात्रेच्या दिवसांत एकही सायकल जागेवर नसे. घोडे, उंट, गाढवे पाहायला निघालेली माणसे सायकली पहाटेच घेऊन जात.

पोरगा भाड्याने सायकल मागायला आला की अब्बा आधी त्याला दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे करीत. दोन्ही टाचा जमिनीवर हव्यात आणि दांडीच्या वर दोन-तीन बोटे जागा राहायला हवी. नसेल तर रुपया परत. पोरे गयावया करीत, पण अब्बा ऐकत नसत. "दांत टूटे तो तेरा बाप मेरेकू पूछेगा," एवढेच म्हणत.

आणि याच माणसाने आम्ही सहावीत असताना आम्हाला २२ इंची फ्रेमची, २८ इंची चाकांची काळी सायकल दिली! कुणा गिऱ्हाइकाने उधारीपोटी सोडून दिलेली. सीटवर बसलो तर पाय पायडलपर्यंत पोचत नसत. मग कैची. उजवा पाय दांडीखालून पलीकडे, डावा हात हँडलवर, उजव्या काखेत सीट, आणि अंग धनुष्यासारखे वाकडे. त्या काळी आमच्या वयाची निम्मी पोरे अशीच सायकल शिकली, म्हणून त्यात काही चुकते आहे असे कुणाला वाटत नसे. कंधारच्या रस्त्याला एका उतारावर ब्रेक दाबायला हात पुरला नाही. हनुवटीला तीन टाके पडले. आज दाढीमुळे ते दिसत नाहीत, दाढी करताना मात्र वस्तरा तिथे अडतो.

आमच्या घरांत सगळेच असे वाढत्या अंगाचे घेतले जात असे. ईदचा कुर्ता घ्यायचा तो दोन बोटे लांब, बाह्या आत दुमडून टाका मारायचा, पुढच्या ईदला टाका उसवायचा. बूट घ्यायचे आणि पुढे कापूस कोंबायचा. सायकलही तशीच. पण लांब कुर्ता घालून कुणी पडत नाही.

पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या आणि भाड्याच्या सायकली शेडमध्ये उभ्या राहू लागल्या. आमच्या बी.एड.च्या फीसाठी अब्बांनी त्या एकेक करून विकल्या. किती विकल्या ते त्यांनी सांगितले नाही, नंबरावरून आम्हाला कळत होते. शेवटी ४ आणि ९ नंबर राहिले. बी.एड. झाल्यावर एका संस्थेत मुलाखतीला गेलो. वडील काय करतात, असे विचारले. सायकलचे दुकान आहे म्हणालो. "म्हणजे पंक्चर काढतात!" असे म्हणून ते गृहस्थ हसले, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही हसलो. ती नोकरी मिळाली नाही याचे आता काही वाटत नाही. आम्ही हसलो, हे मात्र अजून खुपते.

असो. धाकट्याच्या मागणीमुळे आम्ही बीएमएक्सची माहिती काढली. मास्तरांची सवयच ती. बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मोटारसायकलच्या शर्यती पाहून पोरांनी आपल्या २० इंची चाकांच्या सायकली धुळीच्या मैदानात उतरवल्या, त्यातून हा खेळ निघाला. १९७१ च्या 'ऑन एनी संडे' या माहितीपटात सुरुवातीलाच अशी पोरे दिसतात. २००८ साली बीजिंगला ही शर्यत ऑलिंपिकमध्ये गेली आणि कसरतीचा प्रकार टोकियोत, २०२१ साली. घरी मोटारसायकल घ्यायची ऐपत किंवा वय नसलेल्या पोरांनी हा खेळ काढला, हे वाचून आम्हाला तो थोडा आपला वाटू लागला.

मापाचे त्यांचे शास्त्र मात्र वेगळे. चाक मोठ्या माणसालाही बहुधा २० इंचीच. माप बघायचे ते वरच्या दांडीच्या लांबीचे. पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर साधारण २० इंच, सहा फुटाच्या माणसाला २१ किंवा थोडी जास्त. लहान पोरांना त्याहून आखूड, आणि अगदी चिमुरड्यांना १२, १४, १६, १८ इंची चाके. शर्यतीची सायकल हलकी आणि लांब असते. उड्या मारायची आखूड आणि दणकट, तिच्या चाकांच्या आसाला पाय ठेवायला खुंट्या. सीट मुद्दाम खाली, कारण स्वार बसतोच कमी. गिअर एकच. म्हणजे अशा सायकलवर रोज दोन-तीन किलोमीटर बसून जायचे म्हटले तर गुडघे भरून येणार. आपल्याकडे बीएमएक्स म्हणून जे मिळते त्यात पुष्कळदा नुसता आकार तसा असतो. लोखंड साधे, वजन भरपूर. उंचावरून उडी मारली तर फ्रेमचा जोड टिकेल याचा भरवसा नाही.

धाकट्याला भिंतीला टेकवून उभा केला. हजेरीपटाचा पुठ्ठा मांड्यांमध्ये वरपर्यंत सरकवला आणि खालून टेप लावला. पायाची आतली उंची २४ इंच. पाठीवर हात बांधून अब्बा बघत होते. टेप गुंडाळला तेव्हा त्यांनी विचारले, "और इसकू?"

दारात मुलगी उभी होती. तेरा वर्षांची, नुकतीच सातवीची परीक्षा दिलेली. आमच्या शाळेत वर्ग सातवीपर्यंत. उर्दू माध्यमाची आठवी गावाच्या दुसऱ्या टोकाला, घरापासून अडीच किलोमीटर. दरवर्षी निकालाच्या दिवशी आम्ही पालकांना बसवून सांगतो की मुलींना पुढे शिकवा. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, २०२२ मध्ये ती रक्कम ३५०० वरून ५००० झाली, अर्ज भरा, आम्ही मदत करतो. काही मुली तरीही जूनमध्ये कुठेच दिसत नाहीत. इतके सांगणाऱ्या मास्तरांच्या स्वतःच्या मुलीने सायकल मागितली नव्हती, आणि तिने मागितली नाही हे आमच्या लक्षातही आले नव्हते. शेजारच्या खाला तिला रिक्षात बसवून द्या म्हणत होत्या. रिक्षाचे दर महिन्याचे पैसे अंशतः अनुदानित शाळेच्या पगारातून कसे निघतील, याचा हिशेब आम्ही मनात टाळत होतो.

साठलेले पैसे आठ हजार. सायकल एकच येणार. धाकट्याचा चेहरा पाहवेना, पण अब्बांनी वाद वाढू दिला नाही. "तेरी मैं बनाता," एवढेच त्याला म्हणाले.

नांदेडला तिघे गेलो: अब्बा, मुलगी आणि आम्ही. दुकानदाराने २६ इंची चाकांची काढली. मुलीच्या पायाचा एकच अंगठा कसाबसा जमिनीला लागला. "वाढतं वय आहे गुरुजी, पाच वर्षं बघायला नको," दुकानदार म्हणाला. आम्हाला ते पटलेही होते. अब्बांनी सायकल स्टँडवर लावून परत केली. "बच्ची आज चलाएगी, पाँच साल के बाद नहीं." मग २४ इंची, वरची दांडी नसलेली. दोन्ही पायांचे चवडे टेकले. सलवार अडकू नये म्हणून साखळीचे कव्हर पूर्ण आहे का, ओढणीसाठी मागच्या चाकाला जाळी आहे का, हे अब्बांनी बोटे फिरवून पाहिले. पुढचे चाक उचलून फिरवले, आऊट होता तो दुकानदाराच्या पोराकडून समोर काढून घेतला. टपाच्या गाडीत सायकल बांधून परतताना ते बाहेर बघत म्हणाले, "तेरेकू मैं मेरे माप की दिया था." आम्ही हनुवटीला हात लावला नाही, पण लावावासा वाटला.

धाकट्याची सायकल भंगारातून आली. २० इंची, बीएमएक्सच्या आकाराची, गंजलेली. अब्बांनी चार दिवस घेतले. छर्रे बदलले, ग्रीस भरले, ब्रेकचे रबर नवे घातले. खुंट्या मात्र लावल्या नाहीत. "पहले रुकना सीख," म्हणाले. धाकटा दोन दिवस रुसला आणि तिसऱ्या दिवशी तिला चौथ्या नंबरची पांढरी पाटी रंगवून घेऊन आला. ४ नंबर कुणाचा होता, हे त्याला माहीत नव्हते.

गंमत अशी की मुलगी शिकली ती त्याच सायकलवर. सीट खाली, दोन्ही पाय पुरे टेकणारे, तोल गेला की उभे राहायचे. मगरीबच्या आधी आठवडी बाजाराच्या रिकाम्या मैदानात अब्बा तिच्या मागे चालायचे, खिशात पाना. खाला पहिले दोन दिवस ओट्यावरून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांची नात मैदानात आली आणि माझी पाळी कधी, असे विचारू लागली. अब्बांनी तिलाही आधी दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे केले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. दिवाळीच्या सुट्टीत अब्बांनी मुलीच्या सायकलची सीट बोटभर वर घेतली.