दुखणे अंगावर काढू नये

मागे एका स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्ही दापोऱ्यास गेलो होतो. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील हे खेडे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे शाळा-कचेरीत हिंदी आणि अनेक घरांतून मराठी, असा इकडचा परिपाठ आहे.

स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींना बरे वाटत नव्हते, म्हणून त्यांना घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर हिंदी बोलणारे. त्यांनी विचारले, "माँजी, कहाँ दुखता है?" त्या म्हणाल्या, "कुठं म्हणून सांगू, बाबा? सगळंच दुखतंय." डॉक्टरांनी नीट तपासले, शरीरात काही दोष आढळला नाही. तेव्हा आमच्या ध्यानी आले की, सहा महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान वारले, तेव्हापासूनच हे दुखणे सुरू झाले होते.

परतताना या शब्दाचाच विचार मनात घोळत राहिला. 'दुःख' हा संस्कृत शब्द विसर्गासह लिहावयाचा. मराठीच्या नित्य व्यवहारात तो विसर्ग गळाला आणि 'दुखणे' झाले. दाढ दुखते, पाय दुखतो; आजारी माणूस तो दुखणाईत. कठोर बोलाने मन दुखावते. शेजाऱ्याची भरभराट पाहून ज्याच्या 'पोटात दुखते', त्याला औषध नाही. गर्भवतीला 'दुखू लागले' म्हणजे घरात नवा जीव येणार; आणि घरातील माणूस गेले म्हणजे दुखवटा. आप्तेष्ट त्या वेळी जे वस्त्र आणतात, त्यासही दुखवटाच म्हणतात. आपण ख्रिस्ती लोक प्रभूच्या 'दुःखसहना'चे मनन करतो, त्यातही क्रुसावरील जखमा आणि गेथशेमाने बागेतील मनाची व्याकुळता, दोन्ही आलीच.

शरीराचे आणि मनाचे दुखणे वेगळे काढता येत नाही, हे आपल्या भाषेने असे ओळखले आहे. वेगळे काढतो ते आपण. दाढ दुखली तर चारचौघांत सांगतो. मन दुखले तर लपवितो. ताप घेऊन राबणाऱ्यास आपण 'दुखणे अंगावर काढू नकोस' असे बजावतो. शोक अंगावर काढणाऱ्यास मात्र धीराचा म्हणून वाखाणतो.

आम्ही तरी काय केले होते? दुखऱ्या जागी बोट नको, म्हणून दोन दिवस त्या घरी राहून गेलेल्या माणसाचे नावही काढले नव्हते. त्या सायंकाळी आम्ही मातोश्रींजवळ बसलो आणि त्यांच्या यजमानांविषयी विचारले. त्या प्रथम रडल्या. मग लग्नापासूनच्या गोष्टी सांगू लागल्या. मुलगाही येऊन बसला. बापाविषयी मायलेक सहा महिन्यांत प्रथमच बोलत होते. दुखणे गेले असे नव्हे. परंतु त्या रात्री त्या पोटभर जेवल्या.

कित्येक आठवडे झोप लागत नसेल, अन्न गोड लागत नसेल, तर तेही डॉक्टरांस सांगावे. त्यात लाज कसली? २०२२ सालापासून सरकारची 'टेली-मानस' ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मनाच्या दुखण्याविषयी विनामूल्य बोलता येते. पण पहिला कान घरच्या माणसाचा असावा. घरात कोणी 'दुखते' म्हणाले, तर 'कुठे?' असे विचारून थांबू नये. जवळ बसून 'कधीपासून?' हेही विचारावे.