जिभेवरचे रंग

मंगळवार, 1 एप्रिल 2025, कराड

ओपीडी संपता संपता एक आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. तो खुर्चीवर बसलाच नाही. वजनकाट्यावर चढला, उतरला, पडद्याच्या दोरीला लोंबकळला. आई थकलेली होती. म्हणाली, "मॅडम, पाडव्याला गाठी खाल्ल्या आणि तेव्हापासनं पोरगं ठिकाणावर नाही. आत्या म्हणतात साखर चढली. मला वाटतंय, रंगाचं काहीतरी आहे. गाठी गुलाबी होत्या, हिरव्या होत्या. खरं काय ते तुम्हीच सांगा."

शाळेतून तक्रारी गेल्या वर्षापासून येत आहेत. वही अर्धवट, डबा विसरलेला, बाकाखालून फिरणं. तेव्हा प्रश्न फक्त पाडव्याच्या गाठींचा नाही. पण तिचा प्रश्न खुळचटही नाही. कितीतरी डॉक्टर असल्या प्रश्नावर हसून पुढची चिठ्ठी लिहायला घेतात, आणि आई पुन्हा कधी काही विचारत नाही.

तिला दोन कामं दिली. वर्गशिक्षिकेकडून वर्तनाचा तक्ता भरून आणायचा, आणि महिनाभर घरात रंगीत खाऊ आणायचा नाही. झोप किती झाली, मोबाइल किती पाहिला, हेही लिहायचं. सणाला पोरं रात्री जागतात, भावंडं जमतात, दुपारची झोप बुडते. गाठ खाल्ली त्याच दिवशी हे सगळंही झालेलं असतं.

गुरुवार, 3 एप्रिल

आत्याबाईंच्या साखरेबद्दल. हा समज जगभर आहे आणि तो नीट तपासून झाला आहे. कोणाला साखर दिली आणि कोणाला गोडीचा दुसरा पदार्थ, हे मुलांना, पालकांना आणि तपासणाऱ्यांनाही कळू न देता केलेले बरेच प्रयोग 1995 मध्ये एकत्र मांडले गेले. साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडतो असं त्यांतून दिसलं नाही.

1994 च्या एका अमेरिकी प्रयोगाची आज दिवसभर आठवण येत होती. आमचा मुलगा साखरेने बिथरतो, असं म्हणणाऱ्या आया आणि त्यांचे पाच ते सात वर्षांचे मुलगे. सगळ्या मुलांना साखर नसलेलंच गोड पेय दिलं. निम्म्या आयांना मात्र सांगितलं की त्यात भरपूर साखर आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. शिवाय त्या आपल्या मुलाच्या जवळ राहिल्या, त्याच्यावर जास्त नजर ठेवली, जास्त टोकलं. म्हणजे कानावर पडलेल्या एका वाक्याने आईचं वागणं बदललं.

यावरून आया चुकतात असा निष्कर्ष काढणारे लोक मला आवडत नाहीत. जो आपल्या लेकरावर जीव टाकतो, त्याच्या डोळ्यांत भीती आणि आशा दोन्ही असणार. म्हणून तर शिक्षिकेचा तक्ता हवा.

रविवार, 6 एप्रिल

रामनवमी. दुपारी निवांतपणा मिळाला, तेव्हा खाद्यरंग आणि मुलांचा चंचलपणा यांवरचा साउदम्पटनचा अभ्यास पुन्हा मुळातून वाचला. तो 2007 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता.

या विषयाची सुरुवात त्याच्या बरीच आधी, 1973 मध्ये झाली. सॅन फ्रान्सिस्कोतले अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बेन फाइनगोल्ड यांनी सांगितलं की कृत्रिम रंग आणि स्वाद बंद केले की अतिचंचल मुलांतली बरीच सुधारतात. त्यांचा दावा फार मोठा होता, पुढच्या काटेकोर प्रयोगांत तो तेवढा टिकला नाही. मग सगळा विषयच मोडीत निघाला. दावा फुगवून सांगितला की असं होतं, त्यातलं खरं तेवढंही लोक टाकून देतात.

साउदम्पटनच्या संशोधकांनी आजारी मुलं निवडली नाहीत. गावातली साधी मुलं घेतली: तीन वर्षांची 153, आठ-नऊ वर्षांची 144. सहा आठवडे त्यांच्या रोजच्या खाण्यातून कृत्रिम रंग काढले आणि फळांच्या रसासारखं एक पेय दिलं. काही आठवडे त्यात रंग आणि सोडियम बेंझोएट हे टिकवण्याचं रसायन होतं, काही आठवडे नव्हतं. चव आणि दिसणं सारखंच. निरीक्षण आईवडिलांचं, शिक्षकांचं, शिवाय वर्गात बसून पाहणाऱ्या तिऱ्हाइताचं. मोठ्या मुलांसाठी संगणकावरची एकाग्रतेची चाचणीही होती.

रंगाच्या आठवड्यांत चंचलपणा सरासरीने थोडा वाढला. थोडाच. काही मुलांवर काहीच परिणाम नाही, काहींवर ठळक. दोन मिश्रणं होती. तीन वर्षांच्या मुलांवर स्पष्ट परिणाम दिसला तो पहिल्या मिश्रणाचा. अडचण अशी की रंग आणि बेंझोएट एकत्र दिल्यामुळे दोष नेमका कोणाचा, हे सांगता येत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2008 मध्ये हेच म्हटलं, पुरावा तोकडा ठरवला. तरी तिथल्या संसदेने पाकिटावर इशारा सक्तीचा केला आणि 20 जुलै 2010 पासून तो लागू झाला. शहाणपणाचा निर्णय. रंगाने अन्नाला ना पोषण मिळतं, ना चव, ना टिकाऊपणा. औषधाचा दुष्परिणाम आपण सोसतो कारण औषध काही देतं. इथे दुसऱ्या पारड्यात ठेवायला काय आहे?

त्या पहिल्या मिश्रणातले रंग वहीत उतरवून ठेवले: सनसेट यलो, टार्ट्राझिन, कार्मोइझिन, पाँसो 4आर. तीन वर्षांच्या मुलांना दिवसाला हे सगळे मिळून 20 मिलिग्रॅम दिले होते.

शनिवार, 12 एप्रिल

चैत्री पौर्णिमा. माहेरच्या गावची यात्रा. पालखी, लेझीम, गुलाल, आणि मैदानभर खाऊच्या गाड्या. म्हातारीचे केस, बर्फाचे गोळे, शेव, जिलेबी. पोरांच्या जिभा लाल, जांभळ्या.

म्हातारीचे केस इतके झगझगीत गुलाबी होते की छाती दडपली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने त्यांच्यावर बंदी घातली, कारण नमुन्यांत रोडामाइन बी सापडला. तो कापडाचा रंग आहे, अन्नात त्याला मुळीच परवानगी नाही. मार्चमध्ये कर्नाटकानेही पाऊल उचललं. आमच्या यात्रेतल्या गाडीवर काय होतं हे तपासल्याशिवाय मी म्हणणार नाही. पण तपासायला कोणी आलेलं दिसलं नाही.

हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. रोडामाइन किंवा जिलेबीत सापडणारा मेटॅनिल यलो ही भेसळ आहे, तिला कायदा आहे, दंड आहे. माझ्याकडे आलेल्या आईचा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण तो परवानगी असलेल्या रंगांबद्दल आहे.

जिलेबीवाला ओळखीचा, वडिलांच्या वेळेपासूनचा. त्याला विचारलं, रंग किती घालता? म्हणाला, "चिमटीनं टाकतो, ताई. माप कसलं? आन् नाय टाकला तर गिऱ्हाईक म्हणतंय शिळी हाय, माघारी देतंय." त्याचं म्हणणं खोटं नाही. आपणच डोळ्यांनी खायला शिकलो आहोत.

रात्री हिशेब मांडला. आपल्याकडे बहुतेक पदार्थांत कृत्रिम रंगाची मर्यादा दहा लाख भागांत 100 भाग, म्हणजे किलोला 100 मिलिग्रॅम. नियम काटेकोर पाळून केलेली पाव किलो जिलेबी एखाद्या पोराने यात्रेत खाल्ली, तर 25 मिलिग्रॅमपर्यंत रंग पोटात जाऊ शकतो. साउदम्पटनच्या तीन वर्षांच्या मुलाच्या रोजच्या वाट्यापेक्षा जास्त. आणि चिमटीला तर मर्यादाच नाही.

बुधवार, 16 एप्रिल

किराणा दुकानात पाच-दहा रुपयांची पाकिटं घेऊन भिंगाने वाचली. मागच्या बाजूला, घडीत, इंग्रजी बारीक अक्षरांत परवानगी असलेला कृत्रिम रंग असल्याची ओळ आणि आकडे. 102 टार्ट्राझिन, 110 सनसेट यलो, 122 कार्मोइझिन, 124 पाँसो. आपल्या नियमांत आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. साउदम्पटनच्या त्या पहिल्या मिश्रणातले चारही रंग त्या आठांत आहेत.

हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ दुकानातच उभी राहिले. तेच चार रंग युरोपात विकायचे तर पाकिटावर लिहावं लागतं की मुलांच्या हालचालींवर आणि एकाग्रतेवर अनिष्ट परिणाम होऊ शकतो. इथे फक्त आकडा, तोही इंग्रजीत.

रविवार, 27 एप्रिल

अमेरिकेची बातमी. मंगळवारी, 22 तारखेला, तिथल्या आरोग्य खात्याने पेट्रोलियमपासून केलेले खाद्यरंग हटवण्याचं जाहीर केलं. फारसे न वापरले जाणारे दोन रंग रद्द करण्याची प्रक्रिया, आणि रोजच्या वापरातल्या सहांबाबत कंपन्यांनी पुढच्या वर्षअखेरीपर्यंत आपणहून ते सोडावेत अशी अपेक्षा. कायद्याची सक्ती नाही. जानेवारीत रेड 3, म्हणजे एरिथ्रोसिन, रद्द झाला तो उंदरांमधल्या थायरॉइडच्या गाठींमुळे, वागणुकीमुळे नव्हे. तो आपल्या आठांत आहे.

एका मैत्रिणीने बातमी पाठवून लिहिलं, आता तरी सिद्ध झालं ना? नाही. घोषणेने काही सिद्ध होत नाही. आणि अमेरिकेच्या यादीवर आपलं काम भागतही नाही: कार्मोइझिन आणि पाँसो 4आर यांना तिथे अन्नात आधीपासूनच परवानगी नाही. आपल्या मुलांच्या जिभेवरचे रंग आपल्यालाच तपासावे लागतील.

बदल अशक्य नसतो याचा पुरावा मात्र जुना आहे. ब्रिटनमध्ये स्मार्टीज या गोळ्यांचे कृत्रिम रंग 2006 मध्ये काढले गेले. निळा नैसर्गिक रंग मिळेना, म्हणून निळी गोळीच बंद झाली. 2008 मध्ये ती स्पिरुलिना या शेवाळाचा रंग घेऊन परत आली. आपल्याकडे तर हळद, बीट, कोकम, केशर घराघरांत आहे.

मंगळवार, 6 मे

ती आई परत आली. वही नीट भरलेली. रंगीत खाऊ पूर्ण बंद होता, फक्त एका लग्नातली जिलेबी तिने प्रामाणिकपणे लिहिली होती. तिला स्वतःला थोडा फरक वाटतो. शिक्षिकेच्या आधीच्या आणि नंतरच्या तक्त्यांत काही फरक नाही.

तिचा चेहरा पडला. मी तिला सांगितलं की तिचं काहीही चुकलेलं नाही. एडीएचडी, म्हणजे अतिचंचलतेचा आणि एकाग्रतेच्या अभावाचा विकार, असलेल्या मुलांपैकी सुमारे 8 टक्क्यांची लक्षणं खाद्यरंगांशी जोडलेली असावीत, असा एका मोठ्या आढाव्याचा 2012 चा अंदाज आहे. तिचा मुलगा बहुधा उरलेल्यांत आहे. तेव्हा आता रीतसर तपासणी, पालकांसाठीचं वर्तन-प्रशिक्षण, शाळेशी बोलणं, आणि लागलं तर औषध. खाऊच्या नादात हे पुढे ढकललं असतं तर त्याचं एक अख्खं वर्ष गेलं असतं. ही काळजी मला रंगांइतकीच आहे.

"मग गाठी, गोळ्या परत चालू करू का?" तिने विचारलं. मी म्हटलं, नको. त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीलाही नको. सरासरीने थोडा परिणाम म्हणजे एका घरात शून्य आणि शेजारच्या घरात बराच, आणि आपलं घर कोणतं हे आधी कळत नाही.

शुक्रवार, 9 मे

दिल्लीच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला पाठवायच्या पत्राचा मसुदा पूर्ण केला. मागण्या तीनच ठेवल्या. त्या चार रंगांच्या पाकिटांवर समोरच्या बाजूला, स्थानिक भाषेत, युरोपसारखा इशारा. सुट्या मिठाईला पाकीट नसतं, म्हणून दुकानात रंगाचं नाव लिहिलेली पाटी. आणि भारतीय मुलांवर एक नीट, आंधळा प्रयोग, ज्यात रंग आणि बेंझोएट वेगवेगळे दिले जातील. साउदम्पटनला जे सुटं करता आलं नाही ते इथे व्हावं.

सह्यांसाठी जिल्ह्यातल्या बालरोगतज्ज्ञांना सोमवारपासून फोन करायचे आहेत. एकाने आधीच विचारलं, पुरावा एवढाच? मी त्याला म्हटलं, हो, एवढाच. पण रंग निरुपद्रवी आहे हे दाखवण्याचं काम रंग घालणाऱ्याचं आहे, सात वर्षांच्या मुलाच्या आईचं नाही. तो सही करतो म्हणाला.