सून लाभत नाही

रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ १९८४ चा. आमच्याकडं तो दोन-तीन वर्षांनी पोचला, नैताळ्याच्या यात्रेत, तंबूत. मतोबा महाराजांची यात्रा पौष पौर्णिमेची. निफाडची थंडी तेव्हा हाडं फोडते. खाली घोंगडी, अंगावर घोंगडी. मधे दोर, इकडं बाप्ये, तिकडं बाया. मी लहान म्हणून आईजवळ. सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके आमच्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकचे, हे शाळेत पाठ केलेलं. पण तंबूत फाळके कधी आले नाहीत, रामसेच यायचे.

गोष्ट साधी. दोनशे वर्षांपूर्वी एक राजा सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवतो. मुंडकं पेटीत कुलूपबंद, धड देवळामागं पुरलेलं. मरताना सामरी शाप देतो, या घराण्यातली बाई बाळंतपणातच मरेल. मग हवेलीबरोबर शापही पिढ्यान्‌पिढ्या वारशानं चालत येतो. सामरी झालेला अजय अग्रवाल ताडासारखा उंच. त्याचे लाल डोळे दिसले की पोरं घोंगडीत शिरायची. मधेच जगदीपची ‘शोले’ची नक्कल. पैसा कमी लागलेला जागोजाग दिसतो, पण भीती फुकटच असते.

बाप्ये शिट्ट्या मारत होते. बायांची बाजू मात्र गप होती. बाळंतपणात गेलेली बाई तिथल्या बहुतेक घरांत होती. आमच्या घरात तर दोन. आजोबांची पहिली बायको आणि माझी थोरली काकू. गावात बोललं जायचं, त्या वाड्याला सून लाभत नाही. म्हणं पणजोबांनी भर पावसात एका बाळंतिणीला ओसरीवरून उठवलं होतं, तिचा तळतळाट लागला. आजीचा त्यावर पक्का विश्वास. धाकट्या काकांचं लग्न त्या एका वाक्यापायी चार ठिकाणी मोडलं. वाटणीत शेत थोडं आलं, हे वाक्य सगळ्यांना सारखं आलं.

त्या वर्षी धाकट्या काकू, आमच्या नानी, सातव्या महिन्यात होत्या. आजीनं त्यांना यात्रेला येऊ दिलं नव्हतं. माहेरची वाट लांब, म्हणून बाळंतपण वाड्यातच करायचं ठरलेलं. उतारा करायलाही कुणी तरी ठरवलेला.

सिनेमा सुटला. बैलगाडीत आजी म्हणाली, “पाह्यलं ना? खोटं नसतं हे.”

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “एवढी मोठी हवेली, दोनशे वर्षं, आन्‌ एकालाबी डाक्टर आणावा वाटला नाही?”

गाडीत कुणी हसलं नाही. आईनं आजीला असं उत्तर त्याआधी कधी दिलं नव्हतं.

थोरल्या काकूंच्या वेळी आई त्यांच्या उशाशी होती. मूल आलं, रक्त थांबेना. कादवेला पूर, गाडी अलीकडंच अडकली. हे ती मला पुढं पुष्कळ वर्षांनी बोलली, तेही भांडी घासता घासता.

महिनाभरात आईनं काकांना गाठलं आणि दिवस भरायच्या आधीच नानींना तालुक्याला, दवाखान्याजवळच्या एका नातेवाइकाकडं नेऊन ठेवलं. आजीनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. मुलगी झाली. आजी पाचवी पुजायला आली, डिंकाचे लाडू घेऊन, पण शाप संपला असं काही म्हणाली नाही. दोन वर्षांनी नानींच्या दुसऱ्या खेपेला मात्र नववा लागताच गाडीवानाकडं निरोप तिनंच धाडला.