घे, हां

लग्नसराईत नगरच्या कुठल्याही मंगल कार्यालयात जा, नवरीला मिळणाऱ्या सल्ल्यांना तोटा नसतो. तू जरा नमतं घे. भांड्याला भांडं लागायचंच. दोनाचे चार हात झाले की तो आपोआप ताळ्यावर येईल. जीव असला एकमेकांवर की बाकी सगळं होतं. सांगणाऱ्या आत्या-मावश्यांच्या मनात माया असते, याबद्दल मला शंका नाही. पण कॉलेजात शिकवताना इतकी वर्षं मुलींचं, आणि अलीकडं मुलांचंही, ऐकून घेत आले आहे. त्यातून माझं एक मत पक्कं होत गेलं. संसार प्रेम आटल्यामुळं मोडतात हे खरंच, पण त्याहून जास्त संसार प्रेमाविषयीच्या खोट्या समजुतींनी आतून पोखरले जातात.

या समजुतींतली सगळ्यात गोड, आणि म्हणूनच घातक, म्हणजे खरं प्रेम असेल तर न सांगता कळतं. ‘मॅडम, मी बोलून दाखवायचं आणि मग त्यानं करायचं, त्याला काय अर्थ?’ हे मी निरनिराळ्या तोंडून ऐकलं आहे. मुलगी मनातल्या मनात परीक्षा घेते, ज्याची परीक्षा आहे त्याला ती चालू असल्याचा पत्ता नसतो, आणि नापास झाल्याचा निकाल मात्र त्याला रात्री अकरा वाजता अबोल्यातून कळतो. मुलगेही हेच करतात, फक्त त्यांच्या अबोल्याला घरात ‘कामाचा ताण’ म्हणतात.

दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. कुणी जिल्ह्यातल्याच कारखान्यांवर, कुणी पार कोल्हापूर-कर्नाटकापर्यंत. राहुरीच्या बाजूला एका उसाच्या फडात ट्रॉली भरताना मी एक जोडपं बराच वेळ पाहत उभी होते. तोडणी संपली होती. मोळ्या बांधून पडल्या होत्या. तो मोळी उचलून तिच्या डोक्यावर द्यायचा आणि ती ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढून ती वर टाकायची. दोघांचेही हात पाचटानं ओरबाडलेले. लग्नाला दहाएक वर्षं तरी झाली असावीत, कारण फडाच्या कडेला एक शाळेच्या वयाची पोर धाकट्याला घेऊन बसली होती. मोळी डोक्यावर ठेवण्याआधी तो म्हणायचा, ‘घे.’ ती चुंबळ नीट करायची, पाय रोवायची आणि म्हणायची, ‘हां.’ मग तो हात सोडायचा. प्रत्येक मोळीला ‘घे’, प्रत्येक मोळीला ‘हां’. एकदा तिचं ‘हां’ आलं नाही. तो मोळी तोलून धरून तसाच उभा राहिला. तिनं पायातलं कुसळ काढलं, सरळ झाली, ‘हां’ म्हणाली. इतक्या वर्षांची सवय, तेच काम, तोच माणूस, तरी न सांगता त्यानं भार टाकला नाही. टाकला असता तर मान मोडली असती.

हे सांगून त्या जोडप्याचं चित्र गोड करायचं नाही मला. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता असतो आणि एकटं माणूस अर्धा कोयता. उचल जोडीच्या नावानं मिळते. पहाटे कोपीपुढच्या चुलीवर भाकरी थापायची ती, दिवसभर फडात राबायची ती, रात्री पुन्हा चुलीपुढं तीच, आणि उचलीचे पैसे बहुधा त्याच्या हातात. पोराला जोडी मिळावी म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरी वयाच्या आधीच उजवल्या जातात. ‘तुझ्याशिवाय मी अर्धा’ असं माझ्या वर्गातला एखादा मुलगा वहीच्या मागच्या पानावर लिहितो, तेव्हा त्या वयाच्या भावनेचा मला राग येत नाही. पण याच जिल्ह्यात अर्धं असण्याला दर ठरलेला आहे आणि तो चुकवायला मुलींच्या शाळा सुटतात, हे त्याला ठाऊक असावंसं मला वाटतं. माणूस लग्नाआधीही पुरता असतो.

दोन जीव एक होतात, एक झालेच पाहिजेत, ही दुसरी समजूत. तिच्याबद्दल बोलायचं तर नगरच्या माणसाला लांब जावं लागत नाही. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा संसार याच मातीत, नगर-राहुरीत, तुटल्याजागी पुन्हा सांधला गेला.

त्यांचं लग्न १८८० सालचं. लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, गोखल्यांच्या. वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. आणि नवरा असा, की आज इथं तर उद्या कुठं याचा नेम नाही. कवी, हळवा, तापट, दिलदार. हातात पैसा टिकत नसे, पाय एका गावात टिकत नसत. घरात न सांगता निघून जाणं तर नेहमीचं. अशा माणसानं १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. बायको दूर, माहेरच्या माणसांत. पदरात लहानगा दत्तू.

त्या काळातल्या ब्राह्मण घरातल्या बाईसाठी याचा अर्थ काय होता, हे आज नीट कळणंही कठीण आहे. नवरा जिवंत आणि तरी गेलेला. पुढची जवळजवळ पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. त्यातला बराच काळ लक्ष्मीबाई पंढरपुरात बहिणीच्या घरी होत्या. कायद्याची वाट तर मोकळी होती. धर्म बदललेल्या माणसाचा जोडीदार त्याच कारणानं नांदायला तयार नसेल, तर विवाह मोडून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्यानं केलेली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. पत्रं लिहीत राहिले, बोलावत राहिले.

मग लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला आल्या. पण आल्या त्या आपला धर्म आणि आपलं सोवळं बरोबर घेऊन. नवऱ्याजवळ यायचं म्हणून तो जे मानतो ते मीही मानते, असं त्यांनी केलं नाही. आपलं अन्न वेगळं, पाणी वेगळं, विश्वास वेगळा, आणि तरी नवरा आपला. आजूबाजूच्या दोन्ही समाजांना ही तडजोड कशी दिसत असेल! एकीकडून बाटलेल्याकडं गेली, दुसरीकडून अजून आली नाही. त्या मधल्या जागेत ती बाई राहिली आणि टिळकांनी तिला तिथं राहू दिलं. पुढं राहुरीत लक्ष्मीबाईंच्या मनातली जातीपातीची गाठ सुटली. माणसामाणसांत हा भेद केला कुणी, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला आणि उत्तरही स्वतःच शोधलं. १९०० साली, तिथंच, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून गेल्या असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते खरं वाटत नाही. त्या पोचल्या त्याच गावी, मात्र रस्ता त्यांचा त्यांनी तुडवलेला होता.

पुढं त्या घरात अनाथ पोरं वाढली, बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. नवऱ्याच्या उधळ्या उदारपणापायी घरातलं पीठ-मीठ सांभाळण्याची जोखीम कायम लक्ष्मीबाईंवर होती, आणि त्यावरून खटके उडत. प्रेम असलं की भांडण होत नाही असं मानणाऱ्यांनी ‘स्मृतिचित्रे’ जरूर वाचावं. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात नवऱ्याचा राग, त्याचा विसरभोळेपणा, त्याचं हट्टानं निघून जाणं, स्वतःचा चिडखोरपणा, सगळं आहे. टिळक तेव्हा हयात नव्हते, १९१९ मध्येच गेले होते. गेलेल्या नवऱ्याचा देव्हारा मांडणं किती सोपं असतं. या बाईनं तसं केलं नाही. पाहिलं तसं लिहिलं, हसत लिहिलं, आणि तरी पानापानांतून माया ओसंडत राहते. डोळे मिटून केलेल्या प्रेमापेक्षा उघड्या डोळ्यांचं प्रेम मला मोठं वाटतं, ते या पुस्तकामुळं. टिळकांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही पुढं लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं. त्यातले बहुतेक अध्याय त्यांचे आहेत. अक्षरओळख झाल्यावर लिहिण्यापर्यंतची वाट जिनं स्वतः चालली, तिनं.

इथं मला थांबून एक सांगायलाच हवं. लक्ष्मीबाईंची कथा ‘बाईनं सोसलं की शेवट गोड होतो’ अशी सांगितली जाते, तेव्हा माझ्या पोटात कालवतं. टिळकांनी तिला विश्वासात न घेता आयुष्य उलथून टाकलं, हा घाव होता. पुढं प्रेम टिकलं म्हणून तो घाव योग्य ठरत नाही. त्यांचं पुन्हा जुळलं, कारण दोघांनीही, उशिरा का होईना, एकमेकांना वेगळं असू दिलं. नुसती वाट पाहून ते जुळलं नाही. आजची एखादी मुलगी मार खाऊन माहेरी येते आणि तिला सांगितलं जातं, ‘मारतो पण जीवही तेवढाच लावतो.’ नाही. मारणं ही मायेची कुठलीच जात नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा मारहाणीबरोबर शिव्या, अपमान, पैसे अडवून धरणं यांनाही हिंसा म्हणतो, आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. १८१ हा क्रमांक महिलांच्या मदतीसाठी आहे. हे मी वर्गात सांगते, बाहेर सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते.

आणि ते ‘ताळ्यावर येईल’. माणसं बदलतात, पण लग्नाच्या अक्षता पडल्यामुळं बदललेला मी तरी कुणी पाहिला नाही. दारू पिणाऱ्या मुलाला सुधारण्याचं काम एका परक्या घरच्या बावीस वर्षांच्या पोरीवर टाकायचं, हा तिच्यावर अन्याय आहे आणि त्याच्यावरही, कारण त्याला लागणारा उपचार त्यामुळं आणखी लांबतो. मोबाईलचा पासवर्ड मागणं म्हणजे प्रेम, ही समजूत नवी, पण तिच्या मुळाशी असलेला संशय जुनाच. त्यावर जास्त शब्द घालवावेत असं मला वाटत नाही.

राहिली सगळ्यात मोठी समजूत, खऱ्या प्रेमापुढं जग हरतं. मुलं हे सिनेमातून शिकतात. या जिल्ह्यात मात्र २०१३ च्या आरंभी नेवासे तालुक्यातल्या सोनईला आंतरजातीय प्रेमसंबंधाच्या रागातून तीन दलित तरुणांचा खून झाला आणि २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयानं त्या प्रकरणात सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला २०१४ च्या एप्रिलमध्ये सतरा वर्षांच्या दलित मुलाचा जीव घेतला गेला. एका मुलीशी बोलला, हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. त्या खटल्यातले आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले. ही नावं उच्चारताना माझा आवाज आजही स्थिर राहत नाही. आंतरजातीय लग्न करू पाहणाऱ्या मुलांना मी प्रेम कमी करायला सांगत नाही. तयारी वाढवायला सांगते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करताना तीस दिवसांची नोटीस असते आणि ती कार्यालयात लावली जाते, म्हणजे बातमी फुटू शकते, हे आधी माहीत हवं. कागदपत्रं कुठं आहेत, पहिले काही महिने राहायचं कुठं, पोटापाण्याचं काय, विश्वासाची दोन माणसं कोण. आणि जग हरेल या भरवशावर एकाही जोडप्याला एकटं सोडू नये, ही जबाबदारी आम्हा मोठ्यांची आहे. ती आम्ही पुरेशी घेत नाही.

बोलायचं म्हटलं तर आमच्या मुलांना जागाही नाही. घरात चोरून, कॉलेजात लपून, गाडीवर हेल्मेटच्या आत. मग ती पाथर्डी रस्त्यानं डोंगरावरच्या त्या तीनमजली अष्टकोनी वास्तूकडं जातात. सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, आहे ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर. तिथल्या वाऱ्यात बसून माझ्या एका माजी विद्यार्थिनीनं आपल्या मित्राला गेल्या उन्हाळ्यात सरळ विचारलं, तुमच्या घरावर कर्ज किती आहे? तो चिडला. प्रेमात हिशेब आणतेस, म्हणाला. ती गप्प बसली नाही, रुसलीही नाही, पुन्हा विचारलं. मग सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरचे हप्ते, बहिणीच्या लग्नाला घेतलेले हातउसने, एकेक निघालं. सांगून झाल्यावर त्यानंही विचारलं, तुला नाशिकला नोकरी लागली तर मी शेती सोडून यावं, असं तुझं म्हणणं आहे का? तिच्याजवळ उत्तर नव्हतं, आणि नाही हे तिनं त्याला सांगितलं. त्यांचं लग्न होईल की नाही, अजून ठरलेलं नाही. नाशिकची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे आणि तिची तयारी तो करून घेतो आहे.