पद्मिनीच्या बॉनेटखाली

बाबांच्या पद्मिनीचं इंजिन काल चेनपुलीने वर उचललं. बॉनेटखाली नुसती पोकळी. वाकून पाहिलं तर ऑइलने काळवंडलेली गॅरेजची फरशी थेट दिसत होती. मी बराच वेळ तिथेच घुटमळलो. वाईट वाटत होतं म्हणावं तर तसंही नाही. ओशाळल्यासारखं काहीतरी.

ब्लॉक बोअर करून करून पातळ झाला होता, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. आता ११८ एनईचं इंजिन बसेल. नात्यातलंच म्हणायचं, दोन्ही गाड्या प्रीमियरच्या, दोन्हींत जोर मागच्या चाकांना. पण पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन फियाटच्या घराण्यातलं आणि हे ११७१ सीसीचं मूळ निस्सानचं. मिस्त्री म्हणाले, माउंटिंग नव्याने वेल्ड करू, प्रोपेलर शाफ्टचं माप बघू. गिअरबॉक्स इंजिनाबरोबरच येणार, म्हणजे स्टिअरिंगजवळचा दांडा जाणार. तिथेच माझं अडतं. बोलता बोलता, रस्त्यावरची नजर न काढता, बाबा डाव्या हाताने तो दांडा हलकेच खाली ओढायचे. जोर वाढला तर मला हवाच आहे, घाटात विशेष. पण तो हात आता कुठे ठेवायचा?

आईला सांगितलं. तिने विचारलं, "हॉर्न तोच राहील ना?"

आरसी बुकात इंजिन नंबर बदलायचा तर आधी आरटीओची परवानगी. चासी नंबर तोच, म्हणजे कागदोपत्री गाडी तीच. जुन्या इंजिनाचा मिस्त्रींनी भंगाराचा भाव सांगितलाय. मी अजून हो म्हटलेलं नाही; ठेवायला जागाही नाही म्हणा.